खरकटे कोणी उचलायचे?

घरातील ओल्या कचऱ्याचे गांडुळांकरवी खत करण्याची रीत महाराष्ट्राच्या शहरांतून हळूहळू रुजू लागली आहे. पुण्या-मुंबईच्या, ठाण्या-नाशिकच्या सज्जांतून भोके पाडलेली एखादी बादली दिसते. तिच्यावर ओले गोणपाट असते, आणि आत भाजीचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा यांचा दीड-दोन महिन्यांत काळाभोर भुसभुशीत भुगा होत असतो. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या या उद्योगाचे कौतुक करतात. समाजवादी आणि डाव्या वर्तुळांत मात्र त्याची गणना फावल्या वेळेच्या मध्यमवर्गीय छंदांत होते. बैठकीत विषय निघालाच तर कोणी तरी हसून विचारतो की, गिरण्यांच्या जमिनी गेल्या, कंत्राटी पद्धतीने कामगाराची संघटना मोडीत निघाली, आणि आता कार्यकर्त्यांनी गांडुळे पाळायची काय? मराठी राजकारणात गांडूळ हा शब्द आजवर शिवी म्हणूनच वापरला गेला असल्यामुळे या विनोदाला हशाही चांगला मिळतो.

कौतुक आणि हशा या दोहोंच्या गडबडीत एक साधा प्रश्न निसटून जातो. ती बादली सज्जात येण्यापूर्वी ते देठ आणि त्या साली कोठे जात होत्या, आणि कोणाच्या हातांतून जात होत्या? हा प्रश्न विचारला की विषय बागकामाचा उरत नाही. तो श्रमविभागणीचा होतो. आणि ज्या देशात श्रमाची विभागणी ही श्रमिकांचीच जन्मजात विभागणी आहे, त्या देशात तो जातीचा होतो.

पण प्रथम त्या क्रियेविषयीच थोडे लिहिले पाहिजे, कारण तिच्याविषयी भ्रम पुष्कळ आहेत. चार्ल्स डार्विनने आपल्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८८१ साली, गांडुळांवर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या अनेक भागांत एका एकरातील गांडुळांच्या शरीरातून दरवर्षी दहा टनांहून अधिक माती जाते आणि वर येऊन पडते, असा हिशेब त्याने मांडला. उत्क्रांतीच्या सिद्धांताने जगभर वादळ उठवणाऱ्या या शास्त्रज्ञाने जीवनाच्या अखेरीस इतक्या क्षुद्र मानलेल्या प्राण्याकडे वळावे, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले होते. वस्तुतः त्यात नवल नव्हते. डोळ्यांना न दिसणारे, सावकाश आणि अखंड चाललेले काम पृथ्वीचा चेहरा बदलते, हाच त्याच्या सगळ्या संशोधनाचा गाभा होता.

शेतातील मातीत खोल बिळे करणारे गांडूळ आणि कचऱ्याचे खत करणारे गांडूळ हे एक नव्हेत. पावसाळ्यात अंगणात वर आलेली गांडुळे उचलून बादलीत टाकणाऱ्याची निराशा होते ती यामुळेच. त्या जातींना माती लागते. खताला उपयोगी पडतात त्या पालापाचोळ्याच्या थरात, पृष्ठभागालगत राहणाऱ्या जाती: आयसेनिया फेटिडा, आफ्रिकेतून आलेली युड्रिलस युजेनी, किंवा आपल्याकडची पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस. गांडुळाला दात नसतात. कचरा आधी सूक्ष्म जिवाणू आणि बुरशी मऊ करतात. तो कुजू लागला की गांडूळ तो गिळते आणि पोटातल्या पेषणीत वाळूच्या कणांच्या साहाय्याने दळते. म्हणजे हे काम एकट्या गांडुळाचे नव्हे, एका मोठ्या अदृश्य समूहाचे आहे. गांडूळ त्यातील दिसणारा मजूर एवढेच. ते त्वचेने श्वास घेते, म्हणून त्याला ओलावा लागतो. पण पाणी साचले तर तेच गुदमरते. उन्हात ते थोड्याच वेळात मरते. मधोमध तोडले की त्याची दोन गांडुळे होतात ही समजूत खोटी आहे.

कृती सोपी आहे, पण तिला रोजचे लक्ष लागते. तळाला आणि बाजूंना भोके पाडलेल्या बादलीत नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा. त्यावर वाळलेला पाला आणि जुने, थंड झालेले शेण घालून गांडुळे सोडावीत. ओला कचरा बारीक चिरून, थोडा थोडा, आणि प्रत्येक वेळी वर कोरड्या पाल्याची किंवा फाडलेल्या वर्तमानपत्राची मूठ पसरून घालावा. तेलकट, खारट, मसालेदार अन्न, मासे-मटण आणि लिंबा-संत्र्यांच्या सालींचा ढीग घालू नये. पूर्वी जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत, तसेच बादलीच्या घडवंचीचे ठेवले की मुंग्या चढत नाहीत. दुर्गंधी आली तर दोष गांडुळांचा नसतो. पाणी जास्त झालेले असते आणि हवा कमी. खत तयार झाले की ते उजेडात ढीग करून ठेवावे. गांडुळे उजेडाला भिऊन खाली जातात आणि वरचे खत अलगद काढून घेता येते. हजारो रुपयांचे आकर्षक संच बाजारात आले आहेत, त्यांची काडीचीही आवश्यकता नाही. रंगाच्या रिकाम्या डब्यात हे काम तितकेच चांगले होते.

एवढ्या साध्या गोष्टीसाठी शहरी सुशिक्षित माणसाला पुस्तिका आणि प्रात्यक्षिके का लागावीत? खेड्यातील घराच्या परसात उकिरडा होता. तेथे शेण, चुलीची राख, गोठ्यातला कचरा आणि घरातला केर एकत्र पडे आणि पावसाळ्यापूर्वी गाडीने शेतात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण ज्या समाजाने केली त्याला कचऱ्याचे सोने होते हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात ज्या खतपद्धतीला शास्त्रीय रूप दिले आणि जी जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली गेली, तिची मुळे शेतकऱ्यांच्या व्यवहारातच होती. १९३१ च्या त्या मूळ ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड यांचे नाव मात्र आज फारसे कोणी घेत नाही. श्रेयाचेही वाटप श्रमासारखेच होते, असे म्हणावे लागते.

तथापि जुन्या खेड्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या खेड्यात उकिरडा जसा होता तसेच खरकटेही होते. मराठी घरातील खरकटे ही कल्पना केवळ स्वच्छतेची नव्हे. ताटात उरलेले अन्न, शिजवलेल्या भाताचे शीत, उष्टी पत्रावळ यांना स्पर्श झाला की हात धुवावे लागतात ते जंतूंच्या भीतीने नव्हे, तर विटाळाच्या. घरात हे खरकटे काढण्याचे काम स्त्रीचे; घराबाहेर ते वाहून नेण्याचे काम गावकुसाबाहेरच्या माणसाचे. ज्याला उष्टे मानून घराने टाकले तेच अन्न दुसऱ्या माणसाच्या पदरात मोबदला म्हणून घातले जाई. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस आणि दुसऱ्यांचे उष्टे अन्न नाकारण्याचे आवाहन आपल्या बांधवांना केले, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. शहरे वाढली, नगरपालिका आल्या, डबे आणि घंटागाड्या आल्या. पण खरकटे दारापर्यंत आणून ठेवणाऱ्याची आणि ते दारापासून पुढे नेणाऱ्याची जात फारशी बदलली नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीची हमी दिली. बेकारीच्या काळात ती हमी मोलाची आहे आणि कामगारांनी ती लढून टिकवली आहे. पण बापाचा झाडू मुलाच्या हाती देणारी ही हमी ज्या समाजाला द्यावी लागते आणि जी मागण्यावाचून कामगाराला गत्यंतर नसते, त्या समाजाविषयी ती काय सांगते?

महाराष्ट्रात या प्रश्नाशी झुंजण्याची एक परंपरा आहे आणि समाजवाद्यांनी ती विसरता कामा नये. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातील सफाईचे काम, त्या काळच्या भाषेत भंगीकाम, ठरावीक जातींच्या कैद्यांकडेच असे. ते काम आपल्याला करू द्यावे ही अप्पासाहेबांची मागणी उच्चवर्णीय म्हणून नाकारण्यात आली, तेव्हा त्यांनी अन्नत्याग आरंभला. आणि येरवड्यात असलेल्या गांधींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबर १९३२ मध्ये उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैला आणि कचरा यांचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. माणसाला दुसऱ्या माणसाचा मैला उचलावा लागणार नाही अशी रचना शोधणे हा त्यांचा ध्यास होता. सेनापती बापटांच्या हातातील झाडूची आठवणही याच परंपरेतली.

मात्र या परंपरेवर घेतला गेलेला आक्षेपही तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा जाब विचारणाऱ्या आपल्या १९४५ च्या ग्रंथात आंबेडकरांनी सफाईकामाच्या उदात्तीकरणावर कठोर टीका केली. जे काम माणसावर जन्माने लादलेले आहे त्याला पवित्र म्हणणे म्हणजे त्याला त्याच कामात खिळवून ठेवणे होय, हे त्यांचे म्हणणे. एक उच्चवर्णीय माणूस स्वेच्छेने चार दिवस झाडू घेतो तेव्हा त्याची प्रतिष्ठा वाढते. ज्याच्या हातात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे त्याची प्रतिष्ठा त्यामुळे तसूभरही वाढत नाही. सज्जात गांडुळे पाळणाऱ्या प्रत्येकाने ही कसोटी स्वतःला लावून पाहावी. स्वतःचा कचरा जिरवणे हा त्याग नव्हे, तो उपकारही नव्हे. दुसऱ्यावर टाकलेले ओझे परत घेणे एवढाच त्याचा अर्थ, आणि तेही अंशतः.

अप्पासाहेबांच्या त्या मागणीला ब्याण्णव वर्षे लोटल्यानंतर, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सुकन्या शांता या पत्रकार स्त्रीच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांतील जातवार कामवाटपाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. स्वतंत्र भारताच्या तुरुंगांत सफाई कोणी करायची आणि स्वयंपाक कोणी करायचा हे तोपर्यंत नियमांतच लिहिलेले होते. तुरुंगाबाहेर ते लिहिलेले नाही, एवढाच फरक.

आता दारापासून पुढे काय होते ते पाहू. भारतीय शहरांच्या कचऱ्यात ओल्या, कुजणाऱ्या भागाचे प्रमाण सुमारे निम्मे, कित्येक ठिकाणी त्याहून अधिक असते. हा ओला भाग वेगळा राहिला तर ते खत आहे. सुक्यात मिसळला की तो दोहोंचा नाश करतो. आमटी सांडलेल्या कागदाला भंगारवाला भाव देत नाही. खरकट्याने बरबटलेली प्लॅस्टिकची पिशवी धुतल्याशिवाय विकली जात नाही, आणि ती धुणारे हात कचरावेचक स्त्रीचे असतात. मिश्र कचऱ्यातच फुटकी काच, दाढीची पाती, इंजेक्शनच्या सुया आणि वापरलेले सॅनिटरी पॅड असतात. कायदा आणि नियम कमी नाहीत. २००० साली नियम झाले, २०१६ साली अधिक विस्ताराने झाले, वर्गीकरण प्रत्येक घरावर बंधनकारक झाले. तरीही आपण दोन डबे का ठेवावेत हे ज्या गृहस्थाला पटत नाही, त्याच गृहस्थाला सगळा कचरा एकत्र टाकल्यावर तो दुसऱ्या कोणीतरी हाताने वेगळा करावा यात काही वावगे वाटत नाही.

पुण्याचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. बाबा आढाव यांच्या पाठबळाने १९९३ साली तेथे कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. उकिरड्यांवर आणि कचराकुंड्यांत भंगार वेचणाऱ्या, बहुसंख्य दलित समाजातील या स्त्रियांना तोवर कोणी कामगार मानीत नव्हते; पोलीस त्यांना चोर समजत आणि कुत्री त्यांच्या अंगावर जात. पंचायतीने त्यांना ओळखपत्रे मिळवून दिली आणि त्या शहराच्या सेवक आहेत हे महापालिकेला मान्य करायला लावले. याच चळवळीतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. घरोघरचा कचरा दारातून घ्यायचा, घरटी शुल्क घ्यायचे आणि सुक्या मालाच्या विक्रीचे उत्पन्न स्वतःकडे ठेवायचे, अशी ती व्यवस्था. तिचे नूतनीकरण हा प्रत्येक वेळी संघर्षाचा विषय झाला, कारण हे काम मोठ्या कंत्राटदारांच्या घशात घालण्याची इच्छा राजकारणात कधीच संपली नाही.

या स्त्रियांच्या दृष्टीने गांडुळाच्या बादलीचा अर्थ काय? चार माणसांच्या घरातून रोज अर्धा किलो ओला कचरा निघतो असे धरले, तरी वर्षाचे सुमारे १८० किलो होतात. शंभर घरांच्या वसाहतीचे १८ टन. हे १८ टन कोणी तरी जिन्यावरून, फाटकापर्यंत, ढकलगाडीवर आणि पुढे वाहनापर्यंत ओढत नेत असते. ते इमारतीतच जिरले तर तेवढे ओझे खांद्यावरून उतरते, आणि उरलेला सुका माल कोरडा राहिल्यामुळे त्याला भावही बरा येतो. म्हणजे बादली ठेवणाऱ्या घरात गुलाब चांगला फुलतो की नाही हा दुय्यम प्रश्न आहे. खरा लाभ रस्त्यावरच्या गाडीपाशी मिळतो. पुरवण्यांतल्या कौतुकात याचा उल्लेख अभावानेच आढळतो.

जे शहरात जिरत नाही ते शहराबाहेर जाते, आणि शहराबाहेर कोणी राहत नाही असे शहराला वाटत असते. मुंबईचे देवनार १९२७ पासून कचरा घेत आले. त्याच्या कडेला गोवंडी आणि शिवाजीनगरच्या वस्त्या उभ्या राहिल्या, कारण इतरत्र गरिबाला जागा नव्हती. उघड्या डोंगराच्या पोटात हवा पोचत नाही. तेथे ओला कचरा कुजताना मिथेन निर्माण होतो. पृथ्वीच्या तापमानवाढीच्या हिशेबात हा वायू शंभर वर्षांच्या मुदतीत कार्बन डायॉक्साइडच्या २५ पटींहून अधिक प्रभावी असतो, आणि तो पेटही घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली, तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि परिसरातील पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच देवनारची १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकास प्रकल्पातील घरांसाठी देण्यास राज्य सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. गरिबांच्या जागेवर श्रीमंतांच्या इमारती आणि श्रीमंतांच्या कचऱ्यावर गरिबांची घरे, हे सूत्र इतक्या उघडपणे यापूर्वी क्वचितच मांडले गेले असेल. पुण्यातही कोथरूडचा कचरा डेपो मध्यमवर्गीय वस्ती वाढताच बंद झाला आणि कचरा उरुळी देवाची व फुरसुंगीला जाऊ लागला. तेथील विहिरी नासल्या; ग्रामस्थांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचा आगार आहे.

येथवरचा युक्तिवाद मान्य करणाऱ्या कार्यकर्त्याने एका धोक्याबाबत मात्र अत्यंत सावध राहिले पाहिजे. घरोघरी खत ही कल्पना नगरपालिकांना अलीकडे फार आवडू लागली आहे, आणि सत्तेला एखादी गोष्ट फार आवडू लागली की तिचा हिशेब तपासावा. पुणे महापालिकेने गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल-संधारण करणाऱ्या मिळकतींना करात ५ ते १० टक्के सवलत देऊ केली. सवलतीला तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. पण ती मिळते मिळकतदाराला. भाडेकरूला ती नाही, झोपडीवासीयाला नाही, मोलकरणीला नाही. बंगल्याच्या बागेत खताचा खड्डा खणणारा माळी आणि सोसायटीतील खतकुंड्या ढवळणारी सफाई कामगार स्त्री यांच्या श्रमावर सवलत मालकाच्या खात्यात जमा होते. ‘स्वच्छ’च्या सभासद स्त्रिया वसाहतींतील खतखड्ड्यांची देखभाल सशुल्क करतात, तो योग्य मार्ग आहे, कारण तेथे श्रम दिसतो आणि त्याची किंमत ठरते. जेथे तो दिसत नाही तेथे तो फुकट असतो.

दुसरा धोका याहून मोठा. ओला कचरा घरीच जिरतो, मग कचरा नेणाऱ्याला शुल्क कशाला, अशी भाषा वसाहतींच्या सभांतून ऐकू येते. आज सोसायटी जे बोलते ते उद्या महापालिका अंदाजपत्रकात लिहील: कचरा घटला, सबब कामगार घटवा. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी सफाई कामगारांचा लढा वर्षानुवर्षे न्यायालयांतून चालवला, तेव्हा कोठे एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर शिक्कामोर्तब केले. असा लढा देणाऱ्या कामगाराच्या दारात जाऊन गांडुळांचे गुणगान करणाऱ्याने आधी त्याच्या कायम नोकरीच्या बाजूने उभे राहिलेले असले पाहिजे. ओझे कमी होणे म्हणजे माणसे कमी होणे नव्हे. कमी झालेल्या ओझ्याचा लाभ कमी तासांत, सुट्टीत, हातमोज्यांत आणि आरोग्यात दिसला पाहिजे. कंत्राटदाराच्या नफ्यात किंवा पालिकेच्या बचतीत नव्हे.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. जेथे वाहतुकीचे कंत्राट टनावर दिले जाते, तेथे कचरा घटणे कंत्राटदाराला परवडतच नाही. जितके वजन तितके बिल. ओल्या कचऱ्याइतके स्वस्तात वजन देणारे दुसरे काय आहे? एकीकडे नागरिकांना खत करण्याचे धडे आणि दुसरीकडे टनावर देयके, हा अंतर्विरोध नजरचूक म्हणून सोडून देण्याजोगा नाही. नागरिकाची सद्‌भावना आणि कंत्राटदाराचे हितसंबंध यांची गाठ पडते तेव्हा पालिका कोणाच्या बाजूने उभी राहते, हे तिच्या करारनाम्याच्या कलमांत वाचावे, भिंतींवरच्या घोषणांत नव्हे.

आणि घराच्या आत? तेथेही प्रश्न सुटत नाही. चिरलेला कचरा बादलीत कोण घालते, मुंग्यांकडे कोण पाहते, चिलटे झाली तर शेजाऱ्यांची बोलणी कोण खाते? बहुतेक घरांत ज्या स्त्रीने आजवर खरकटे काढले तिच्याच दिवसात या नव्या कामाची भर पडते. किंवा धुणी-भांड्याच्या बाईला, पगारात एक पैसाही न वाढवता, हे जास्तीचे काम सांगितले जाते. पतीराजांनी व्याख्यानात पर्यावरणावर बोलावे आणि घरी बादली पत्नीने ढवळावी, हे दृश्य चळवळीतल्या घरांतही अपरिचित नाही. जातिव्यवस्थेने दाराबाहेर जे केले तेच पुरुषसत्तेने दाराआत केले. म्हणून समाजवादी घरात गांडुळाची बादली यायची असेल तर ती पुरुषाच्या हाताखाली यावी. ज्याला शेणाचा वास सहन होत नाही त्याने सफाई कामगारांच्या प्रश्नावर ठराव मांडण्यापूर्वी थोडा थांबून विचार करावा.

सर्वांना हे जमेल असा आग्रह मात्र धरता येत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, तेथे सज्जा नाही, सार्वजनिक नळावर रांग आहे. त्या कुटुंबाला गांडुळे पाळण्याचा उपदेश करणे हा निर्लज्जपणा ठरेल. शिवाय त्यांचा कचराही थोडाच असतो. जो अधिक खातो तो अधिक टाकतो, हे कचऱ्याचे साधे अर्थशास्त्र आहे. वस्तीत हवी ती सामुदायिक खतकुंडी: पालिकेच्या खर्चाने, पालिकेच्या जागेत, आणि तिची निगा राखणाऱ्याला किमान वेतनासह. चाळीच्या चौकात, शाळेच्या आवारात, मंडईच्या मागच्या बाजूला ती बांधता येते. मंडईत तर एका दिवसात जेवढी कोबीची पाने फेकली जातात तेवढ्यांत एखाद्या वॉर्डातील सगळ्या बागांचे खत होईल.

महाराष्ट्रातील अनेक शहरांत पक्षाची कार्यालये आहेत. तेथे रोज चहा होतो, बैठकांना केळी येतात, शिबिरांत शेकडो पाने उठतात. आणि ते सारे एका काळ्या पिशवीत भरून कोपऱ्यावर ठेवले जाते. आरंभ तेथून करता येईल. कार्यालयात खताची कुंडी ठेवावी. ती सांभाळण्याचे काम पाळीने असावे, आणि पाळीच्या यादीतून पदाधिकाऱ्यांची नावे वगळू नयेत. शिबिरातील पत्रावळी उचलण्यासाठी बाहेरून माणूस बोलावण्याची प्रथा बंद करावी. त्याच वेळी प्रत्येक शाखेने आपल्या नगरपालिकेकडून माहितीच्या अधिकारात तीन कागद मागवावेत: कचरा वाहतुकीचे कंत्राट टनावर आहे की फेरीवर, घंटागाडीवरील कामगार कोणाच्या पटावर आहेत, आणि त्यांना किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, हातमोजे, गमबूट यांतील काय प्रत्यक्ष मिळते. हे कागद हाती आल्यावर घंटागाडीच्या थांब्यावर सकाळी साडेसहाला जावे लागेल, कारण त्यानंतर ते कामगार भेटत नाहीत.